पोट आलेली भिंत आणि दारातली बराझा

भिंतीला पोट आलं होतं. अंगणाच्या बाजूची, दुसऱ्या मजल्याची भिंत. ओळंबा सोडला तर तीन मीटर उंचीत नऊ सेंटीमीटर बाहेर. भिंत साठ सेंटीमीटर जाडीची, त्यामुळे नुसत्या आकड्यानं मी फारशी हबकले नसते. हबकवलं ते आवाजानं. लाकडी हातोडीनं ठोकत गेल्यावर घट्ट भिंत कोरडी, आखूड वाजते. ही मध्यभागी पोकळ वाजत होती. म्हणजे दगडाचे आतले-बाहेरचे दोन थर एकमेकांपासून सुटले होते आणि मधली भर खाली बसत होती. भेगेवर आदल्या दिवशी लावलेली प्लॅस्टरची टिकली सकाळी दुभंगलेली मिळाली. भिंत अजून चालत होती.

हे घर टांझानियाच्या झांझिबार बेटावरच्या स्टोन टाउनमधलं, किपोंडा भागातलं. तळमजला आणि वर दोन मजले, पाच बिऱ्हाडं. मार्च ते मे हा इथला मोठा पाऊस, मसिका. तो संपता संपता, जुन्या घरांची दुरुस्ती करणाऱ्या आम्हाला अशा घरांचे फोन सुरू होतात. पाऊस पडत असताना भिंती सहसा पडत नाहीत. भिजून जड झालेल्या भिंती नंतर पडतात.

इथली भिंत कशी असते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दगड म्हणजे प्रवाळखडक: हलका, सच्छिद्र, कधीच चौकोनी न फुटणारा. दोन्ही तोंडांना त्यातल्या त्यात बरे दगड, मध्ये खडी-दगडांची भर आणि बांधणीला चुना, वाळू, लाल माती यांचा माल. चुनाही प्रवाळ भाजूनच केलेला. जमिनीसाठी खारफुटीचे गोल वासे, त्यांना इथे बोरिती म्हणतात. चांगला वासा दहा-बारा सेंटीमीटर जाड असतो आणि अडीच-तीन मीटरपलीकडे पेलत नाही, म्हणून या शहरातली खोली अरुंद आणि लांब. सुलतानाचा वाडा घ्या की किराणा व्यापाऱ्याचं घर, रुंदी एकच. वाशांवर प्रवाळाच्या चपट्या चिपा, त्यावर वीसेक सेंटीमीटर चुन्याचा कोबा, धुमसानं चोपलेला. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदाचा हा नातलगच, फक्त मातीच्या जागी चुना. पूर्वी कोबा चोपायला गल्लीतली माणसं रांगेनं उभी राहत आणि गाण्याच्या ठेक्यावर काठ्या आपटत. ठेका चुकला की थर वर-खाली होतो, त्यामुळे गाणं हा कामाचाच भाग होता.

आता हिशेब करा. वीस सेंटीमीटरचा कोबा म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. तीन मीटर खोलीचं निम्मं ओझं एका भिंतीवर येतं, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटरला साधारण पाचशे किलो. हे ओझं जुन्या गवंड्यांनी धरलेलं होतं. त्यांनी धरलेली नव्हती ती गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची टाकी. हजार लिटर, म्हणजे एक टन. वासे पस्तीस सेंटीमीटरवर, टाकीचा घेर मीटरभर, म्हणजे तो टन तीन वाशांवर. त्या तिन्हींची टोकं याच भिंतीत. मी वाशाच्या टोकाला टोच्या लावला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

टोक का कुजलं? कारण भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा होता. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते आणि गिलावा झिजतो. दर काही वर्षांनी तो पुन्हा करायचा, हे गृहीतच असतं. सिमेंट झिजत नाही, पण त्याला केसासारख्या भेगा पडतात. त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट मिळत नाही. आतल्या मातीच्या मालाचा चिखल होतो, मीठ दगडाला पोखरतं, वाशाचं टोक कायम ओल्या खोबणीत राहतं आणि मग वाळवी येते. सिमेंट वापरणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. चुन्याचा माल किमान काही महिने मुरवावा लागतो, सिमेंटचं पोतं दुकानात आज मिळतं.

आणि गच्ची कुणाची? हा खरा प्रश्न. १९६४च्या क्रांतीनंतर इथली पुष्कळ घरं सरकारकडे गेली, मालक परागंदा झाले, खोल्यांमधून नवी बिऱ्हाडं आली. काही घरं वक्फची, काही वारसांच्या भांडणात. एकेका खोलीचा भाडेकरू आपली खोली रंगवतो. गच्ची कुणाच्याच नावावर नसते. गिरगावातल्या पागडीच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. स्टोन टाउन २००० साली जागतिक वारसा यादीत आलं. तेव्हापासून कौतुक होतं ते दारांचं: सागवानी, कोरीव, पितळी खिळ्यांची. पाहुणे दाराचा फोटो काढतात आणि पुढे जातात. दार हा त्या घराचा सगळ्यात धडधाकट अवयव असतो. बेत-अल-अजायब, १८८३ सालचा तो भव्य महाल, २५ डिसेंबर २०२० रोजी दुरुस्तीचं काम चालू असताना अर्धा कोसळला, दोन माणसं गेली. त्यानंतरही निधी मागताना मला दाराचाच फोटो पहिल्या पानावर टाकायला सांगतात.

तर त्या दिवशी पहिलं काम टाकी रिकामी करणं. एका खात्याचा माणूस आला, दारावर लाल फुली मारली, चोवीस तासांत घर रिकामं करा असा कागद चिकटवला आणि गेला. पाच बिऱ्हाडं जाणार कुठे, यावर कागदात काही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बायकांनी मला सरळ सांगितलं, पाणी ओतायचं नाही. नळाला रात्री कधीतरी पाणी येतं, कधी दोन-दोन दिवस येत नाही. भिंत पडेल तेव्हा पडेल, पाणी आज संध्याकाळी लागणार. मी टनाचं गणित सांगत होते, त्या हंड्यांचं सांगत होत्या. दोन्ही गणितं बरोबर होती.

सुटका खालून झाली. स्टोन टाउनमधल्या घरांना रस्त्याच्या बाजूला भिंतीलगत दगडी कट्टा असतो, बराझा. गुडघ्याएवढा उंच, पाऊण हात रुंद. पावसात गल्लीतून पाणी वाहतं तेव्हा त्यावरून चालत जाता येतं, एरवी म्हातारे बसतात. कॉफी, सोंगट्या, राजकारण, मयताची बातमी, उधारी, सगळं तिथेच. आमचा थोरला गवंडी, ज्याला सगळे फुंडी, म्हणजे कारागीर, म्हणतात, माझ्याशी एक शब्द न बोलता खाली गेला आणि तिथल्या सगळ्यात वयस्कर माणसापुढे उभा राहिला. “म्झे (वडीलधारे), टाकी उतरवायची आहे. पाणी कुठे ठेवू?” दहा मिनिटांत ठरलं. समोरच्या घरात दोन पिंपं, मशिदीच्या हौदात थोडं, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे एक. बायकांनी जिन्यात साखळी केली आणि एक थेंब न सांडता टाकी रिकामी झाली. बिऱ्हाडंही तशीच वाटली गेली: दोन समोर, एक मागच्या गल्लीत, उरलेली नातेवाइकांकडे. लाल फुलीचं काम कट्ट्यानं केलं.

मग टेकू. हे कंटाळवाणं आहे, पण माणसं मरतात ती याच कामातल्या चुकीनं. टेकू खालून वर लावायचे. नुसता वरचा मजला टेकवला की त्याचं ओझं खालच्या कुजक्या जमिनीवर जातं. तळमजल्यावर आधी जाड फळी, तिच्यावर खांब, वर आडवी फळी, तिला वासे टेकलेले. पुढच्या मजल्याचे खांब बरोबर खालच्या खांबांच्या रेषेत. पाचरी जोडीनं, दोन्हीकडून हलक्या ठोकायच्या. जमीन उचलायची नाही, फक्त हातात घ्यायची. उत्साही मजूर जोरात ठोकतो आणि कोबा वरून तडकतो. अंगणात भिंतीला बाहेरूनही तिरके रेटे दिले. हे होईपर्यंत रात्र झाली.

दुसऱ्या दिवसापासूनचा पेच लोकांना सांगितला की पटत नाही. सिमेंटनं भिंत मारली हे खरं, पण आता तिला धरून ठेवलं होतं तेही सिमेंटनंच. ते कवच एकदम सोललं असतं तर भिंत अंगणात उतरली असती. म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखं काम: साठ बाय साठ सेंटीमीटरचा चौकोन सोलायचा, शेजारचा सोडायचा. सुटे दगड काढून पुन्हा बसवायचे, दोन थर जोडायला मीटरमागे एक लांब दगड आरपार घालायचा, फटीत चिपा ठोकून चुन्यानं त्याच दिवशी बंद करायचं. उरलेले चौकोन हे भरलेले घट्ट झाल्यावर.

मग ग्राउट, म्हणजे भिंतीच्या पोटातल्या पोकळीत ओतायचा पातळ माल. चुना आणि विटांची बारीक सुरखी, कारण भिंतीच्या पोटात हवा नाही आणि साधा चुना हवेशिवाय धरत नाही. वाळू समुद्राची नको, मीठ घेऊन येते. भोकं पन्नास सेंटीमीटरवर, आडवी-उभी आलटून. आधी पाण्यानं धुवायचं, मग सगळ्यात खालच्या भोकात नरसाळ्यानं ओतायचं, पंपाचा दाब नाही. शेजारच्या भोकातून पाझरलं की थांबायचं. दिवसाला पन्नास सेंटीमीटर उंचीपेक्षा जास्त नाही, कारण ओलं ग्राउट बाहेरच्या थराला ढकलतं आणि आपण जे पोट बरं करतोय तेच वाढतं. वरचे अधिकारी रोज विचारत, एवढंच झालं का? हो, एवढंच.

मग घराच्या रस्त्याकडच्या भिंतीचा पाया उघडला तेव्हा जे दिसलं ते मी अजून मनात घोळवते आहे. त्या भिंतीतली ओल पायातून वर चढत होती, दीड मीटरपर्यंत. कारण बराझा. चार-पाच वर्षांपूर्वी कट्ट्यावर बसणाऱ्यांनी वर्गणी काढून तो नवा केला होता, त्यांच्यातला एक जण गेला त्याच्या आठवणीत. सिमेंट, वर चकचकीत फरशा. बांधताना कट्टा वीतभर जास्त रुंद झाला आणि खालची जुनी उघडी मोरी झाकली गेली. गच्चीचं पन्हळ त्या मोरीत उतरत होतं. पाण्याला वाटच उरली नव्हती, ते भिंतीत गेलं. ज्या माणसांनी त्या दिवशी घर वाचवलं त्यांनीच, प्रेमानं आणि स्वतःच्या पैशानं, घराच्या पायाशी पाणी तुंबवलं होतं.

अहवालाच्या छापील तक्त्यात ‘नुकसानीचे कारण’ असा एक रकाना आहे, एका ओळीचा. खात्याचं म्हणणं, कट्टा पाडा, तसंच लिहा. फुंडीनं कट्टा पाडायला नकार दिला आणि तो बरोबर होता: शंभर वर्षं तो कट्टा भिंतीच्या पायाला रेटा देत उभा आहे, पाडला तर पाया सुटेल. शिवाय कट्टा पाडला तर पुढच्या वेळी टाकीचं पाणी कुठे ठेवायचं ते कोण ठरवणार? त्याला हे दुसरं वाक्य बोलावं लागलं नाही. मी रकान्यात ‘पावसाच्या पाण्याचा निचरा बंद’ एवढंच लिहिलं. खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

केलं ते असं: फरशा काढल्या, सिमेंट खरवडलं, कट्टा वीतभर मागे घेतला, मोरी उघडली, तिच्यावर पुढे-मागे सरकणारी दगडी झाकणं घातली, म्हणजे काठी घालून कुणालाही साफ करता येईल. फरशा काढायला म्हाताऱ्यांची परवानगी फुंडीनं मागितली, मी नाही. चारपाच फरशा त्यांनी घरी नेल्या. वरून चुन्याचा गिलावा, तीन हात, प्रत्येक हात बोटाच्या पेराएवढाही जाड नाही, आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवलेला. आता तक्रार अशी की चुना कपड्यांना लागतो. चुन्याच्या सफेदीत डिंक घालून एक हात देऊ असं ठरलं आहे.

गच्चीचे तिन्ही वासे बदलले, टोकांभोवती दोन बोटं मोकळी जागा ठेवली म्हणजे हवा लागेल. टाकी सध्या अंगणात आहे. वर पाणी चढवायला छोटा पंप पुरेल, पण तो कुणाच्या मीटरवर जोडायचा यावर पाच बिऱ्हाडांत एकमत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मला दर वेळी विचारतात, एवढे नवे वासे घातलेत, तर निम्मी भरून तरी टाकी वर ठेवू ना? मी नाही म्हणते. निम्मी टाकी निम्मी राहत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. फुंडीनं वाद घातला नाही. शंभराला दोन पुरला असता तिथे त्यानं गच्चीला शंभराला पाचचा उतार दिला आणि टाकीच्या जुन्या जागेवरून पन्हळ नेली.