प्रबंध जमा करताना: समानता अहवालाचा माझा अनुभव

नोंदणी, कोर्सवर्क, प्रगती अहवाल सगळं वेळेत झालं. अडलं ते शेवटी, प्लेजरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य तपासणीच्या टेबलावर. प्रबंधातला किती टक्के मजकूर इतर लिखाणाशी जुळतो, हे तिथला समानता अहवाल सांगतो. माझी नोंदणी बाहेरगावच्या विद्यापीठात, म्हणजे दर वेळी सोलापुरातून पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची आणि 'टक्का जास्त आहे' ऐकून परत यायचं. अजून आठवलं की संताप येतो.

माझा विषय गणितातला, प्रतलातल्या (सपाट पृष्ठभागावरच्या) बिंदुसंचांचा. पुरेसे बिंदू घेतले की हव्या तितक्या बाजूंचा बहिर्वक्र बहुभुज (ज्याचा एकही कोपरा आत वळलेला नाही असा) त्यांत सापडतोच, हे एर्डश आणि सेकेरेश या गणितज्ञांनी १९३५ मध्ये सिद्ध केलं. चौकोनाला ५ बिंदू पुरतात, पंचकोनाला ९, षटकोनाला १७. यातल्या १७ ची सिद्धता २००६ मध्ये, तीही संगणकाच्या मदतीने मिळाली. पण या सगळ्याला एक अट आहे: कोणतेही तीन बिंदू एका रेषेत नकोत.

अहवालात नेमकं हेच वाक्य, प्रत्येक प्रकरणात, लाल, म्हणजे इतर लिखाणाशी जुळणारं. "मॅडम, 'सगळे बिंदू एका रेषेत नकोत' असं करा, टक्का उतरेल," असं मला सांगण्यात आलं. मी तिथेच कागदावर चार टिंबं एका रेषेत काढली आणि पाचवं वर. सगळी एका रेषेत नाहीत, म्हणजे त्यांची अट पाळली. आता यातली कोणतीही चार निवडा, निदान तीन एका रेषेतली येतातच. बहिर्वक्र चौकोन होणार कुठून? प्रमेयच खोटं ठरतं. तरी उत्तर तेच, "टक्का कमी करून आणा." वर्षानुवर्षांच्या कामाचा कणा असलेली अट कोणी टक्क्यासाठी बदलायला सांगावी, हे मला आजही पटत नाही.

सुटका यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीने केली. १० टक्क्यांपर्यंतच्या समानतेला दंड नाही. संदर्भसूची, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं तपासणीतून वगळायची असतात, सर्वसामान्य माहितीतली सलग १४ शब्दांपर्यंतची जुळणीही. आमच्या अहवालात यातलं काहीच वगळलं नव्हतं! ती पानं छापून, खुणा करून, मार्गदर्शकांच्या सहीच्या पत्रासोबत दिली. पुन्हा तपासणी झाली आणि प्रबंध पास झाला. अटीचा एक शब्दही मी बदलला नाही, याचा मला अभिमान आहे.

गणितवाल्यांनी अहवाल हातात येताच आधी काय काय वगळलंय ते पाहावं, टक्का नंतर. आणि पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्याच. माझं पहिलं पत्र 'मिळालंच नाही' म्हणाले, तेव्हा ती पोचच कामी आली.