६४१ ने भाग जातो

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा फोन आला तेव्हा गॅदरिंग नाही, सहल नाही, डोक्यात आला तो एक आकडा. ४२९४९६७२९७. नववीत गणिताच्या बाईंनी तास संपता संपता फळ्यावर लिहिलेला, चार अब्ज एकोणतीस कोटी आणि वर बरंच काही. म्हणाल्या, हा २ चा ३२ वा घात अधिक १. २ चे १, २, ४, ८, १६ वे घात अधिक १, म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५५३७ या सगळ्या मूळ संख्या, आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला १६४० च्या सुमारास खात्री वाटत होती की त्याच रांगेतली पुढची ही पण मूळच असणार. "बघा बरं कशाने भाग जातोय का."

घरी बसून ३, ७, ११, १३ करत करत खूप पानं भरली, भाग काही गेला नाही. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या असं तपासत बसलात तर ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्या लागतील. ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७३२ मध्ये याचा भाजक काढला, आणि पुढे त्यानेच सिद्ध केलं की हिचा मूळ भाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. बस्स, पाचवीलाच सापडली!

मग सगळ्या वर्गाने भागाकार केला. ४२९४ मध्ये ६ चा भाग, बाकी ४४८, वरचा ९ खाली घेतला, ४४८९ मध्ये ७, बाकी फक्त २. मग दोन शून्यं, मग ४, मग १ आणि बाकी परत ४४८, या वेळी खाली ७ आला, ४४८७, आणि बाकी शून्य. उत्तर ६७००४१७. ती दोन ४४८ मला अजून डोळ्यासमोर दिसतात.

पण खरी मजा नंतर, बाईंनी भागाकार न करता दाखवलं तेव्हा. ६४१ ने भागताना ६४० म्हणजे वजा १, कारण एकच कमी पडतो. आता ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, त्याचा चौथा घात केला की वजा १ चा अधिक १ होतो, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १. आणि ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ पण आहे ना, म्हणून ६२५ च्या जागी वजा १६ घाला, झाला वजा २ चा ३२ वा घात. त्याची बाकी १, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ ला ६४१ ने भाग जातोच. चार अब्जांचा तो आकडा कुठे लिहावासुद्धा लागला नाही, इतकं सुंदर काही मी तोपर्यंत बघितलं नव्हतं.

६५५३७ च्या पुढे या रांगेत एकही मूळ संख्या आजवर मिळालेली नाही, आणि मिळणारच नाही असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. बाईंनी त्या दिवशी २ चा ६४ वा घात हाताने काढून आणायला सांगितला होता, मी आणला, १८४४६७४४०७३७०९५५१६१६. शेवटच्या ६ चा ७ करा, म्हणजे रांगेतली पुढची संख्या झाली, आणि २७४१७७ ने भागून बघा. जातो.