तुम्ही विचारलंत म्हणून: साप पोटभर खातोय, नीट वाढतोय हे कसं ओळखायचं?

कुडाळ-मालवण पट्ट्यात मी साप सोडवण्याचं काम करते. त्यामुळे सापांबद्दल काहीही विचारायला लोक मला फोन करतात. एक प्रश्न मात्र वरचेवर येतो, आणि तो दोन अगदी वेगळ्या घरांतून येतो. पहिलं घर परदेशातलं. मूळ इथलीच माणसं, आता अमेरिकेत स्थायिक. मुलाने किंवा मुलीने हट्टाने कॉर्न स्नेक नाहीतर रॅट स्नेक (तिकडे पाळतात ते बिनविषारी साप) आणलाय, आणि आईवडिलांना कळत नाही की त्याचं खाणं पुरतंय का, त्याची वाढ बरोबर आहे का. दुसरं घर इथलं, शेजारच्या वाडीतलं. गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चिरे काढताना धामणीचं पिल्लू मिळालंय. ते ठेवलं तर त्याला काय घालायचं आणि किती दिवसांत ते उंदीर मारण्याएवढं होईल?

इथल्या घराचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. ठेवायचं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे धामण संरक्षित आहे. तिला पकडून घरात बाळगणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. आणि कायदा बाजूला ठेवला तरी धामण पेटीत राहणारं जनावर नाही. ती दिवसा फिरणारी, लांब पल्ल्याची, विलक्षण चपळ आणि तितकीच बुजरी. काचेवर तोंड आपटून आपटून नाकाचा शेंडा सोलवटून घेते. जे उंदीर तिने मारावेत असं तुम्हाला वाटतं, ते ती गडग्यात, गवताच्या उडवीत आणि भाताच्या बांधावर मारतेच आहे. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, साथ येते तेव्हा उंदरांची भीती सगळ्यांना वाटते. धामणीची किंमत खरं तर तेव्हा कळायला हवी. पिल्लू त्याच गडग्याच्या पलीकडच्या अंगाला सोडा, किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दूध तर अजिबात ठेवू नका. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला गारुड्याचा साप दूध पितो तो भुकेने नव्हे, त्याला आधी अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं म्हणून.

आता परदेशातलं घर. तिथले रॅट स्नेक म्हणजे आपली धामण नव्हे. ते वेगळ्या प्रजातीतले, आणि कॉर्न स्नेक हा त्यांच्यापैकीच एक, पिढ्यान्‌पिढ्या पाळीव अवस्थेत जन्मलेला. ते भक्ष्याला वेटोळ्यात आवळून मारतात. आपली धामण आवळत नाही, भक्ष्य अंगाखाली दाबते आणि बरेचदा जिवंतच गिळते. तरीसुद्धा साप भरला आहे की खंगला आहे हे ओळखायची नजर दोन्हींसाठी सारखीच लागते, आणि ती नजर मला इथल्या मोकळ्या धामणींनी दिली.

फोनवर पहिला प्रश्न हमखास लांबीचा असतो. गावाकडची आजीसुद्धा नातवाला व्हिडिओवर तेच विचारते, "किती फूट झाला तां?" आणि मग तुलना सुरू होते. अमक्याचा साप वर्षात तीन फुटांचा झाला, आमचा दोनच कसा? मला वाटतं या एका प्रश्नाने पाळीव सापांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. जिवंत साप सरळ राहत नाही, त्यामुळे माप चुकतं. टाकलेली कात मोजावी तर ती निघताना ताणली जाते आणि सापापेक्षा बरीच लांब भरते. त्यापुढची गोष्ट अशी की कॉर्न स्नेकचं पिल्लू अंड्यातून निघतं ते साधारण २० ते ३० सेंटिमीटरचं, वजनाला ५ ते १० ग्रॅम. पहिली दोन-तीन वर्षं ते भराभर वाढतं, मग वाढ मंदावते. पूर्ण वाढलेला साप बहुतेक वेळा ९० ते १५० सेंटिमीटरच्या दरम्यान असतो. एकाच वेळी घातलेल्या अंड्यांतली दोन भावंडंसुद्धा या वाटेवर मागेपुढे असतात, आणि मागे असलेलं आजारी असतं असं नाही.

लांबीऐवजी अंग बघा. खाल्ल्यानंतर चार-पाच दिवस जाऊ द्या, पोटात गोळा नसताना साप हातावर घ्या आणि मधल्या भागाकडे समोरून बघा. कणा वर आणि दोन्ही बाजू उतरत्या छपरासारख्या खाली गेलेल्या दिसल्या तर साप खंगलेला आहे. निरोगी सापाच्या पाठीवर कणा बोटाला लागतो पण डोळ्याला टोचत नाही. बाजू भरीव असतात, पोट सपाटसं असतं, आणि हातात तो पिळदार लागतो. स्वतःचं वजन स्वतः उचलतो, लोंबकळत नाही. कातडीवर लांब उभ्या सुरकुत्या दिसल्या तर ती बहुधा पाण्याची कमतरता असते, अन्नाची नव्हे.

दुसरं टोक लोकांना दिसतच नाही, ते म्हणजे जाडेपणा. साप गुबगुबीत दिसला की घरचे खूश. पण पोट रिकामं असतानाही खवल्यांमधली कातडी फटींतून दिसत असेल, अंगाचा शेवटचा तिसरा हिस्सा फुगीर असेल आणि गुदद्वारानंतर शेपटी एकदम बारीक होत असेल, तर तो साप लठ्ठ आहे. सापाची चरबी पोटाच्या पोकळीत, मागच्या बाजूला साठते आणि यकृतावरही चढते. लवकर मोठा व्हावा म्हणून दर तीन-चार दिवसांनी उंदीर भरवत राहणारे लोक आहेत. साप लांबही होतो, फोटोही छान येतात. पण नीट सांभाळलेला कॉर्न स्नेक १५-२० वर्षं जगतो, आणि ही वर्षं त्याच्या वाट्याला यायला हवीत. हे सांगताना मला राग येतो, कारण भूक हे त्या जिवाचं काम आहे. कधी थांबायचं हे ठरवणं त्याला ताब्यात ठेवणाऱ्याचं काम आहे.

इथे मी मोकळी धामण आठवून बोलते. आमच्याकडे परसातल्या भाजीला, माडाच्या रोपांना माशांची जुनी जाळी लावतात, डुकरं-गुरं येऊ नयेत म्हणून. त्या जाळीत धामणी अडकतात. अंगाभोवती नायलॉनचा धागा रुततो, साप पुढे जायला बघतो तसा तो अधिक घट्ट होतो. मी लहान कात्रीने एकेक धागा कापत मानेपासून शेपटीकडे जाते आणि तेवढ्या वेळात संपूर्ण जनावर माझ्या बोटांखालून जातं. सहा-सात फुटांची धामण, रोज स्वतः शिकार करणारी, आणि तिच्या अंगावर एक चिमूटभर फालतू मांस नसतं. स्नायू नुसते. भातकापणीच्या दिवसांत उंदीर मुबलक असतात तेव्हा त्या जरा भरलेल्या असतात, उन्हाळ्याच्या शेवटी सडसडीत. असं अंग हाताला माहीत झालं की व्हिडिओवर दिसणारे बरेचसे पाळीव साप मला जाडच वाटतात, आणि घरचे मात्र विचारत असतात की आणखी एक उंदीर देऊ का.

(जाळी लावणं भाग असेल तर जमिनीलगतचा वीतभर भाग मोकळा सोडून वर बांधा, किंवा काठ्यांचा कूड करा. हे मी विचारल्याशिवायही सगळ्यांना सांगते.)

खाण्याचं माप लांबीवर नाही, जाडीवर ठरवतात. सापाचा सगळ्यात रुंद भाग जेवढा, तेवढ्याच रुंदीचा उंदीर, फार तर दीडपट. अगदी लहान पिल्लाला उंदराचं नुकतंच जन्मलेलं उघडं पिल्लू, पाच ते सात दिवसांनी एक. मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक पुरतं. तिकडे गोठवलेले उंदीर मिळतात. ते पूर्ण वितळवून, कोमट करून द्यायचे. जिवंत उंदीर सोडू नये, कारण कोंडलेला उंदीर सापाला चावतो आणि ती जखम लवकर भरत नाही. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही.

आणि ऊब. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना अन्नाची नाही, उबेची अडचण असते. सापाला स्वतःच्या अंगात उष्णता तयार करता येत नाही. पेटीचं एक टोक २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरं २३-२४ च्या आसपास हवं, म्हणजे त्याला हवं तिथे जाता येतं. थंडीत ठेवलेल्या सापाच्या पोटात उंदीर पचण्याआधी कुजतो आणि साप तो उलटून टाकतो. असं झालं तर लगेच दुसरा उंदीर देऊ नका. दहा-बारा दिवस पोटाला विसावा द्या, पाणी ठेवा, ऊब तपासा, आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं काहीतरी द्या. पुन्हा उलटलं तर मात्र डॉक्टर.

साप खात नाही म्हणून घाबरून आलेले फोन सगळ्यात जास्त. डोळे निळसर, दुधी दिसतायत का, हे मी आधी विचारते. तसं असेल तर तो कात टाकायच्या तयारीत आहे. त्याला नीट दिसत नसतं आणि बहुतेक साप त्या दिवसांत तोंड लावत नाहीत. नवीन घर, नवीन पेटी हेही कारण असतं. विणीच्या हंगामात वयात आलेले नर आठवडेच्या आठवडे उपाशी राहतात. मोठ्या सापाने तीन आठवडे खाल्लं नाही पण वजन जागच्या जागी आहे, तर वाट बघा. पिल्लाचं वजन उतरत असेल तर वाट बघू नका.

कातीकडे लक्ष द्या असं मी आग्रहाने सांगते. निरोगी साप कात एका सलग तुकड्यात टाकतो, डोळ्यांवरच्या टोप्यांसह, म्हणजे डोळे झाकणाऱ्या पारदर्शक खवल्यांसह. लहान असताना महिना-दीड महिन्याने, पुढे वर्षातून थोड्याच वेळा. आमच्या गडग्यावर पावसात मिळणारी धामणीची कात नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अख्खी असते, कारण कोकणातली हवा दमट आहे. अमेरिकेतल्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या कोरड्या घरात, तीच कात तुकड्यातुकड्याने निघते, शेपटीच्या टोकाला अडकून राहते आणि तिथला रक्तपुरवठा थांबवते. सापाला ओढून सोलायचं नाही. डब्याला भोक पाडून आत ओलसर शेवाळ ठेवा, तो स्वतः जाऊन बसेल.

विष्ठासुद्धा बघा: गडद भाग आणि त्यासोबत पांढरा खडूसारखा भाग, खाल्ल्यानंतर काही दिवसांनी. पातळ, घाण वासाची किंवा रक्ताची असेल तर ती डब्यात घेऊन डॉक्टरकडे जा. तोंड उघडून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे, श्वासाला घरघर, किंवा थोड्या दिवसांत वजनाचा दहावा हिस्सा गेलेला, यांपैकी काहीही दिसलं तर मला फोन करण्यात वेळ घालवू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर तिकडे मिळतो, तिकडेच न्या.

एरवी विचारायचं असेल तर जरूर विचारा. फक्त लांबी पाठवू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, डब्यात बसवून, खायला देण्याआधी घेतलेलं महिन्यामहिन्याचं वजन लिहून ठेवा. त्यासोबत रिकाम्या पोटीचा एक फोटो वरून आणि एक बाजूने, शेवटची कात कधी टाकली आणि ती अख्खी होती का, पेटीच्या दोन टोकांचं तापमान किती, आणि दिलेला उंदीर सापाच्या जाडीच्या मानाने केवढा होता. एवढं असलं की मी इथे मालवणात बसूनही बऱ्यापैकी सांगू शकते.