द्राक्षवेलाखालचा स्क्रेप: जुलै ते डिसेंबर

मागच्या शिकारीच्या हंगामात मी हरणांना ओढण्यासाठी तीन मॉक स्क्रेप, म्हणजे नर हरणाच्या खुणेच्या जागेची नक्कल, केले आणि तिन्ही ठिकाणी मेहनत मातीवर घेतली. परातीएवढा गोल उकरला, पालापाचोळा झाडून काढला, आणि वरची फांदी मात्र हाताला लागली ती वाकवून बांधली. नोव्हेंबर संपेपर्यंत कॅमेऱ्यात रॅकून, खारी आणि दोन माद्या. यंदा उलट दिशेने गेलो: आधी फांदी, मग माती. ही त्याची नोंद.

जागा तीच, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्येचा ड्रिफ्टलेस भाग. हिमयुगातल्या बर्फाने आजूबाजूचा प्रदेश खरवडून सपाट केला, हा पट्टा तेवढा सुटला. त्यामुळे इथे सोंडा आहेत, घळी आहेत, खिंडी आहेत. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथला नकाशा पटकन वाचता येतो. धारेवर मका आणि सोयाबीन, उतारावर ओक, हिकरी आणि मेपलचं रान. जमीन एका वयस्कर शेतकऱ्याची, आणि फांद्या बांधायची परवानगी त्यांच्याकडून आधीच घेतली होती. सरकारी रानात झाडाला खिळा ठोकणं किंवा फांद्या तोडणं चालत नाही, तिथे हे उद्योग करू नका.

नव्यांसाठी थोडक्यात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नर शरद ऋतूत खाली झुकलेल्या एखाद्या फांदीला तोंड, कपाळ आणि डोळ्यापुढची ग्रंथी घासतो, तिची टोकं चावतो, चाटतो. मग तिच्याखालची माती पुढच्या खुरांनी उकरतो आणि मागचे पाय जवळ घेऊन घोट्याजवळच्या ग्रंथींवरून मूत सोडतो. हा झाला स्क्रेप. तिथे एकच नर येत नाही, अनेक येतात, माद्याही येतात. आपण तसाच देखावा उभा केला की तो मॉक स्क्रेप. ताडोबात किंवा मेळघाटात चितळाचा नर मागच्या पायांवर उभा राहून वरच्या फांदीला शिंगं-कपाळ घासताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे वागणं ओळखीचं वाटेल.

20 जुलै

तीन जागा निवडल्या. पहिली खिंडीत, जिथे दोन घळींच्या वाटा एकत्र येतात. तिथे एक मोठा पांढरा ओक आहे, पण त्याची सगळ्यात खालची फांदी नऊ फुटांवर. रानद्राक्षाचा अंगठ्याएवढा जाड वेल कुंपणाजवळून कापून आणला, त्या फांदीला तारेने बांधला आणि खालचं टोक जमिनीपासून पावणेपाच फुटांवर सोडलं. टोक दगडावर ठेचून तंतू मोकळे केले. भोवतालच्या पंधरा-वीस पावलांतल्या सोयीच्या बाकी फांद्या छाटून टाकल्या. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हरणाला तोंड घासायला पाच जागा असतील तर तुमच्या वेलाकडे ते का येईल?

दुसरी जागा सोयाबीनच्या बांधावर, मनिला दोराचा तुकडा. तिसरी घळीच्या तळाशी, आणि तिथे काथ्याचा दोर. बागकामाच्या दुकानात तो दिसला आणि कोकणातल्या घरची आठवण आली, म्हणून घेतला.

काम करताना रबरी बूट आणि हातमोजे. बाटलीतला कुठलाही वास नाही, ना मूत, ना ग्रंथीचा अर्क. कारण सांगतो.

वास का नाही

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज विस्कॉन्सिनमध्ये 2002 साली सापडला, आणि तोही याच नैऋत्य भागात. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा हा मेंदूचा रोग आहे. त्याला औषध नाही. लागण झालेलं हरीण वाचत नाही. प्रायॉन लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. बाटलीबंद मूत पाळीव हरणांकडून गोळा केलेलं असतं. व्हर्जिनियाने 2015 मध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली, पेनसिल्व्हेनियात रोगग्रस्त पट्ट्यांत ते चालत नाही. कायदा काहीही म्हणो, मी दुसऱ्याच्या कळपातलं मूत या घळीत ओतणार नाही.

खऱ्या स्क्रेपच्या मातीवर आणि फांदीवरही अभ्यासकांना प्रायॉन सापडले आहेत. म्हणजे आपण जी जागा तयार करतो, तिथे हरणं एकमेकांची लाळ चाटतात. हे माझ्या मनात सतत असतं. म्हणून तीनवर थांबलो, आणि जिथे हरणांची वाट आधीपासून होती तिथेच केले. काही जण एका रानात दहा-दहा स्क्रेप करतात, ते मला पटत नाही.

31 ऑगस्ट

वेलावर सहा आठवड्यांत सगळ्यात आधी आल्या माद्या. एक मादी दोन पाडसांसह जवळजवळ दर चौथ्या दिवशी यायची आणि टोक नाकाने हुंगून पुढे जायची. पाडसंही तिचं बघून मान उंच करायची. फांदी बारा महिने वापरात असते, उकरणं तेवढं हंगामी, हे वाचलं होतं, यंदा स्वतः पाहिलं. 26 तारखेला पहिला नर आला, शिंगांवर अजून मखमल होती. तो पूर्ण एक मिनिट वेल तोंडात घेऊन उभा होता.

मनिला दोराकडे एकदाच एक मादी. काथ्याकडे कोणी नाही.

कॅमेऱ्याबद्दल: यंदा तो साडेसात फुटांवर बांधला आणि तोंड खाली केलं. डोळ्यांच्या उंचीला असला की हरणं त्याच्याकडेच बघत राहतात. आणि फोटोऐवजी पंधरा सेकंदांचा व्हिडिओ ठेवला. फोटोत फक्त नर आला एवढं कळतं. तो फांदी चाटून गेला की लांबून हुंगून वळला, हे व्हिडिओतच दिसतं.

5 ऑक्टोबर

आता मातीला हात लावला. दंताळ्याने वेलाखालचा दोन-अडीच फुटांचा गोल मोकळा केला, काळी माती दिसेपर्यंत. चांगला पाऊस यायच्या तासभर आधी गेलो, म्हणजे माझा वास धुऊन निघावा. पंधरा मिनिटांत परत.

11 ऑक्टोबरच्या रात्री एका लहान नराने तो गोल उकरला. 14 तारखेला दुसऱ्याने. त्यानंतर गोल माझा राहिला नाही, पुढे सरकत सरकत तो परातीच्या दुप्पट झाला.

22 ऑक्टोबर

एक चूक नोंदवून ठेवतो. कॅमेऱ्याचं कार्ड काढायला भर दुपारी, कोरड्या दिवशी, वारा आग्नेयेचा असताना गेलो. माझा वास सरळ सोंडेच्या टोकावर, जिथे नर दिवसा बसतात, तिथे गेला. नंतरच्या पाच रात्री वेलावर फक्त माद्या आणि एक दीड वर्षाचा नर. घाई झाली होती, बघायची उत्सुकता आवरली नाही. त्यानंतर पाऊस असल्याशिवाय तिकडे पाऊल टाकलं नाही.

बांधावरच्या दोराचं चित्र याच कार्डांतून स्पष्ट झालं. नर तिथे येतात, पण सगळे अंधारात, पहाटे दोन, तीन, चार. तसं तर स्क्रेपवरची बहुतेक वर्दळ कुठेही रात्रीचीच असते. उघड्या शेताच्या कडेला ती जवळजवळ पूर्णच रात्रीची होते. खिंडीतल्या वेलावर मात्र सात भेटी उजेडातल्या होत्या. काथ्याचा दोर पावसात फुगून कडक झाला होता, तो उतरवला.

6 नोव्हेंबर

दिवाळीचा आठवडा नुकताच सरला होता आणि माज ऐन भरात यायला लागला होता. दिवस लहान होत जाण्यावर तो ठरलेला असतो, म्हणून इथे दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच येतो. थंडी पडली की नर दिवसा जास्त फिरतात, एवढाच हवामानाचा वाटा. आदल्या रात्री वारा वायव्येकडून सुटला. मी याच वाऱ्याची वाट बघत होतो.

मचाण वेलाच्या दक्षिणेला तीस यार्डांवर, कड्याच्या काठाला. वायव्येचा वारा माझा वास कड्यावरून खाली टाकतो, जिथून हरीण चढू शकत नाही. आणि जो नर स्क्रेपवर न येता वाऱ्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे वारा वाहत जातो त्या बाजूने, नुसता हुंगून जातो, तो वेलाच्या आग्नेयेने, म्हणजे माझ्यापासून वीस-पंचवीस यार्डांवरून जाणार. जाणता नर बऱ्याचदा असंच करतो. मचाण स्क्रेपवर रोखून बांधू नका, स्क्रेप हुंगायला येणाऱ्या वाटेवर बांधा.

सहाच्या आधी हार्नेस (पडू नये म्हणून सुरक्षेचा पट्टा) लावून, धनुष्य घेऊन वर बसलो. सात वाजून दहा मिनिटांनी एक कोवळा नर थेट वेलाखाली आला, चाटलं, उकरलं, गेला. पावणेआठला मादी. तिने जमीन हुंगली. मग एक मध्यम नर आला, तिने जिथे मूत सोडलं होतं तिथे नाक लावून त्याने मान वर केली आणि वरचा ओठ मुडपला. गावी वळू गाईमागे असाच ओठ वर करून उभा राहायचा.

आठ पन्नासला पूर्वेकडून पाचोळा वाजला. मोठा नर. तो वेलाकडे गेलाच नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगाने, मान खाली, ज्या वाटेचा मी अंदाज बांधला होता त्याच वाटेने चालत आला आणि नाक वर करून थांबला. बावीस यार्ड, बाजू पूर्ण उघडी. बाण खांद्यामागे लागला. तो घळीकडे धावला, फांद्या मोडल्याचा आवाज आला, मग शांतता. तरी अर्धा तास वर बसून राहिलो. रक्ताचा माग साठ पावलांचा होता. आठ टोकांची शिंगं, घोट्याजवळच्या ग्रंथी काळ्या पडलेल्या आणि त्यांचा तो उग्र वास. मी त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसलो.

आधी टॅग (शिकारीच्या परवान्याची चिठ्ठी), मग नोंदणी. इथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. डोकं तपासणीच्या पेटीत दिलं, त्यातून घशामागच्या लसिकाग्रंथी काढून तपासतात. निकाल येईपर्यंत मांस वेगळं खूण करून फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. रोग आढळला नाही असं कळल्यावरच घरात शिजलं. एक मांडी शेतमालकांच्या घरी.

8 डिसेंबर

बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होऊन नऊ दिवसांत संपतो. तो उरकल्यावर, भुरभुरत्या बर्फात कार्ड काढलं. गोल आता पांढरा, कोणी उकरत नाही. पण वेलावर या महिन्यातही चार भेटी आहेत, त्यांतल्या दोन ऑगस्टमधल्या त्या मादीच्या. पाडसं आता तिच्या खांद्याला लागली आहेत. वेलाचं टोक चावून चावून चार बोटं आखूड झालंय, म्हणून मार्चमध्ये बर्फ वितळला की नवा वेल जोडणार. बांधावरचा दोर काढून दुसरा वेल पश्चिमेच्या खिंडीत टांगायचा आहे. तिथे वारा संध्याकाळी घळीत कसा उतरतो, ते आधी मिल्कवीडच्या (रुईच्या जातीच्या झाडाच्या) शेंगेतली म्हातारी सोडून बघणार.