लेंटचं पुस्तक: इंग्लंडहून सोलापूरच्या वाचकांसाठी

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, आणि त्या आधीचे एक-दोन रविवार इंग्लंडमधल्या बऱ्याच चर्चांत दाराजवळच्या टेबलावर एकाच पुस्तकाची चळत दिसते. लेंटमध्ये कोणी चॉकलेट सोडतं, कोणी दारू. त्याच जोडीला एक पुस्तक धरायचीही इथे रीत आहे. कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू, या काळासाठी दरवर्षी एखादं पुस्तक सुचवतात आणि मंडळीतली साधी माणसं, म्हणजे नर्स, बसचालक, निवृत्त शिक्षक, आठवड्याला एक प्रकरण वाचून एकत्र बसतात.

सोलापुरात लेंटच्या काळात घरोघर प्रार्थनासभा होतात, वचन वाचलं जातं, संदेश होतो. ईश्वरविज्ञानाचं (थिऑलॉजीचं) पुस्तक मात्र सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षण-कॉलेजात, जाणाऱ्यांचं, असं आपण धरून चालतो. तसं धरायचं काही कारण नाही. असा वाचनगट आपणही करू शकतो. फक्त पुस्तक निवडताना आणि वाचताना काही गोष्टी पाळाव्या लागतात.

सुरुवात पातळ पुस्तकानं करा. २००२ ते २०१२ या काळात कँटरबरीचे आर्चबिशप असलेले रोवन विल्यम्स यांचं ‘बीइंग ख्रिश्चन’ २०१४ मध्ये आलं. त्यात चारच प्रकरणं आहेत: बाप्तिस्मा, बायबल, प्रभुभोजन, प्रार्थना. चार आठवड्यांत ते सहज संपतं. गट पहिल्याच वर्षी फुटतो तो बहुधा जाड पुस्तक निवडल्यामुळे. तिसऱ्या आठवड्यात निम्मे लोक मागे पडतात आणि लाजून यायचे थांबतात.

दुसऱ्या वर्षी इंग्रज बायबल-अभ्यासक एन. टी. राइट यांचं ‘सरप्राइज्ड बाय होप’ घ्या. ख्रिस्ती आशा म्हणजे मेल्यावर आत्मा स्वर्गात जाणं एवढंच नाही, तर देहाचं पुनरुत्थान आणि नवी सृष्टी, हा त्याचा मुख्य मुद्दा. हे वाचण्याआधी करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय सलग, मोठ्यानं वाचा. इथे वाद होणारच. आपल्याकडे अंत्यविधीला जे बोललं जातं, गायलं जातं, ते सगळं या पुस्तकाच्या कसोटीला लागतं, आणि ज्याच्या घरी नुकतंच कोणी गेलं असेल त्याच्यासमोर हा वाद जपून करावा लागतो.

ईश्वरविज्ञानाचे जर्मन अभ्यासक युर्गन मोल्टमन तिसऱ्या वर्षासाठी ठेवा, पण सोडू नका. १९४३च्या हॅम्बुर्गवरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेला हा जर्मन मुलगा पुढे युद्धकैदी झाला. बेल्जियममधल्या छावणीत एका अमेरिकन चॅप्लेननं, म्हणजे सैन्यातल्या पाळकानं, त्याला नवा करार आणि स्तोत्रांची प्रत दिली. स्तोत्र ३९ आणि मार्कच्या शुभवर्तमानातली ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही येशूची वधस्तंभावरची आरोळी वाचून त्याच्या श्रद्धेला सुरुवात झाली. नंतर स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या छावण्यांत त्याचं शिक्षण झालं. मोल्टमन २०२४ मध्ये वारले. त्यांच्या १९६४च्या ‘थिऑलॉजी ऑफ होप’मध्ये लोक अडकतात ते पहिल्या प्रकरणात, कारण तिथे ते बार्थ, बुल्टमान अशा आधीच्या ईश्वरविज्ञान-अभ्यासकांशी भांडतात आणि ती भांडणं आपल्याला माहीत नसतात. उपाय सोपा आहे. प्रस्तावनेतलं आशेवरचं चिंतन आधी वाचा. महिनाभर तेवढंच वाचलं तरी चालेल.

त्यांच्या १९७२च्या ‘द क्रुसिफाइड गॉड’मध्ये वेगळा धोका आहे. पुत्राच्या वधस्तंभात पिताही दुःख भोगतो, असं ते म्हणतात. प्राचीन मंडळीचे बहुतेक आचार्य देवाला दुःखाच्या पलीकडचा मानत होते. वाचताना ही मंडळीची जुनी शिकवण की या लेखकाचं म्हणणं, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे. नाहीतर पुढच्या रविवारी तेच वाक्य उपदेशात सिद्धान्त म्हणून येतं. म्हणून नायसीन मतांगीकाराची, म्हणजे चौथ्या शतकातल्या मंडळीच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याची, एक प्रत पुस्तकातच खूण म्हणून ठेवा. प्रकरण संपलं की ती काढून वाचा आणि लेखक कुठे तिच्याबरोबर चालतो, कुठे पुढे जातो, ते पेन्सिलीनं समासात लिहा.

एका बैठकीत दहा-बारा पानं पुरेत. पुस्तकाच्या शेवटी वचनांची सूची असेल तर आधी ती वचनं बायबलमध्ये काढून वाचा. प्रत्येक भागाचा दावा एका मराठी वाक्यात लिहा. वाक्य होत नसेल तर तो भाग पुन्हा वाचा. न पटलेल्या जागी प्रश्नचिन्ह, आणि ज्या ओळीपाशी थांबून प्रार्थना करावीशी वाटली तिथे ‘प्रा’. श्रद्धेनं वाचायचं म्हणजे सगळ्याला मान डोलवायची, असा एक गैरसमज आहे. प्रश्नचिन्ह एकही नसेल तर पुस्तक नुसतं चाळलं गेलंय.

गट सहा ते आठ जणांचा, वेळ दीड तास: दहा मिनिटं वचन, तासभर चर्चा, वीस मिनिटं प्रार्थना. पाळकसाहेबांनी यावं, पण चर्चा दुसऱ्या कोणी चालवावी, कारण पाळकसाहेब बोलायला लागले की बाकीचे ऐकायला लागतात. सोलापूरचा मार्च-एप्रिल बघता सात वाजल्यानंतर गच्चीवर बसणं बरं.

सगळं युरोपातूनच आणायचं, असंही नाही. भारतीय ईश्वरविज्ञान-अभ्यासक अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी सुरू केली. हे सोलापुरात वाचताना सेटलमेंटचा, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कुंपणात ठेवलेल्या वसाहतीचा, विषय निघायला हवा. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण तारेच्या कुंपणाच्या गोष्टी सांगणारी घरं अजून शहरात आहेत, आणि त्या वसाहतींच्या कारभारात ख्रिस्ती मिशनचाही हात होता. हे अवघड आहे, म्हणूनच गटात बोलावं.

पुस्तकांसाठी आधी दिल्लीच्या आयएसपीसीके या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेची यादी बघा. भारतीय आवृत्ती असेल तर परदेशातून मागवण्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, पण बाहेरच्या वाचकाला ग्रंथालयात बसू देतात का, हे आधी फोन करून विचारा. गटात काहींकडे छापील प्रत आणि काहींकडे किंडल असेल तर पान क्रमांक जुळत नाहीत. तेव्हा पुढच्या आठवड्याचं वाचन ठरवताना पान सांगू नका, प्रकरण आणि उपशीर्षक सांगा.