गांधीलमाशी नव्हतीच ती!

आज सकाळी पॉप्लरच्या बुंध्याशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं काहीतरी बसलेलं दिसलं आणि मी दचकून दोन पावलं मागे सरले. गांधीलमाशीच वाटली. पण ती उडेना. जरा वाकून पाहिलं तर कंबर बारीक नाही, अंग लवदार, पंख काचेसारखे आरपार. पतंग! शास्त्रीय नाव सेसिया एपिफॉर्मिस. १७५९ मध्ये कीटकशास्त्रज्ञ क्लर्कने दिलेल्या 'एपिफॉर्मिस' या नावाचा अर्थच 'मधमाशीच्या आकाराचा'. नांगी नाही, विष नाही, नुसतं सोंग. पण पक्ष्यांना दूर ठेवायला तेवढं पुरतं.

शेजारीच सालीला गोल भोक होतं आणि त्यातून कोषाची रिकामी तपकिरी साल अर्धवट बाहेर आलेली. म्हणजे नुकताच बाहेर पडला होता! त्याची अळी सालीखाली आणि मुळांत लाकूड पोखरत दोन-तीन वर्षं काढते. एवढा काळ अंधारात, आणि पंख मिळाल्यावर आयुष्य जेमतेम काही दिवसांचं. तोंडही खाण्याच्या कामाचं नाही.

बुंध्यावर जुनी भोकंही बरीच होती. झाडाची काळजी वाटलीच, पण वर पानं हिरवीगार सळसळत होती.

अर्ध्या तासाने तो उडाला. उडतानाही अगदी गांधीलमाशीच.