गच्चीवरचा कापूस, नोंद तिसरी: पालाशाचा फरक सरकीत सापडला

शेवटचं बोंड रविवारी वेचलं आणि पाचपाखाडीच्या गच्चीवरचा यंदाचा कापूस आटोपला. मागच्या नोंदीत झाडं पात्यांवर, म्हणजे फुलांच्या कळ्यांवर, होती. नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. पालाश, म्हणजे पोटॅशियम, दिल्याने काय फरक पडतो ते पाहायचं होतं. सरळ वाणाची, म्हणजे बीटी नसलेली, सहा झाडं. २० लिटरच्या पिशव्या. लाल माती आणि गांडूळखत. कोकोपीट मुद्दाम टाळलं, कारण त्यात मुळातच पालाश असतो. ठाण्याच्या जुलैच्या पावसात पिशवीतली खतं धुऊन जातात, म्हणून पेरणी ३० ऑगस्टला केली.

तीन झाडांना पाती लागल्यापासून दर पंधरा दिवसांनी ३ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश दिलं. उरलेल्या तिघांना तेवढंच जिप्सम. कारण असं की सल्फेट ऑफ पोटॅशमध्ये ५० टक्के पालाशाबरोबर सुमारे १८ टक्के गंधकही येतं, आणि गंधकामुळे बियांतलं तेल वाढू शकतं. जिप्सममध्येही गंधक जवळपास तितकंच, पण पालाश नाही. नत्र आणि स्फुरद सगळ्यांना सारखं.

यवतमाळचे माझे सासरे दिवाळीत गच्चीवर आले तेव्हा म्हणाले, "पालाश कायले देता जावईबापू, मातीत असतेच ना तो!" त्यांच्या काळ्या मातीत तो खरोखरच भरपूर असतो. आपल्याकडची लाल माती मात्र पावसाने धुतलेली, आणि पिशवीतल्या मुळांना तर आणखी कुठे शोधायला जागाच नाही.

नोव्हेंबरभर दोन्ही रांगा सारख्याच दिसत होत्या. डिसेंबरच्या मध्यावर जिप्समवाल्या झाडांची शेंड्याकडची पानं कडेने पिवळी, मग तांबूस झाली. पालाशाची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते असं आपण शिकलेलो असतो. पण बोंडांनी लगडलेल्या कपाशीत ती वरच्या पानांवरही दिसते, कारण भरणारी बोंडं पालाश प्रचंड ओढून घेतात. त्यातला मोठा वाटा तर बोंडाच्या टरफलातच राहतो.

प्रत्येक फुलाच्या देठाला तारखेची चिठ्ठी बांधली होती, त्याचा आता उपयोग झाला. सरकी हाताने सोडवून खालच्या फांद्यांची आणि वरच्या फांद्यांची वेगळी तोलली. खालच्या बोंडांत १०० सरकीचं वजन पालाशवाल्यांचं ८.४ ग्रॅम, जिप्समवाल्यांचं ८.१. एवढ्याशा फरकावर मी काहीच म्हणणार नाही. वरच्या बोंडांत मात्र ७.९ आणि ६.२! डोमकळ्या (अळीमुळे नीट न उमललेली फुलं) आणि अळी लागलेली दोन बोंडं आधीच बाजूला काढली होती.

फूल उमलल्यावर पहिले तीन-साडेतीन आठवडे तंतू लांब होतात. सरकीच्या मगजात, म्हणजे कवचाच्या आतल्या गरात, तेल आणि प्रथिनं भरतात ती मुख्यतः त्यानंतर. पानातली साखर बोंडापर्यंत पोचायला पालाश लागतो. खालच्या बोंडांनी मातीतला साठा आधी उचलला, आणि वरची बोंडं नेमकी भरायच्या वेळी उपाशी राहिली, असं मला वाटतं. ब्लेडने सरकी उभी चिरून पाहिली तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं: जिप्समवाल्या वरच्या सरकीत मगज आक्रसलेला, कवचात पोकळी. पालाशवाल्यांचा मगज काठोकाठ भरलेला. तेल मोजायची सोय घरात नाही, पण इजिप्तमध्ये गिझाच्या कृषी संशोधन केंद्राने केलेल्या चाचण्यांत पालाशाने सरकीचं वजन आणि तेल दोन्ही वाढलं होतं.

उगवण वरच्या सरकीचीच तपासली. प्रत्येकी २० बिया शेणमातीत चोळून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. सातव्या दिवशी पालाशवाल्यांच्या १७ उगवल्या, दुसऱ्यांच्या ११. तीन-तीन झाडांवर मोठे दावे करू नयेत हे मान्य, पण बियाणं राखायचं असेल तर मी यापुढे वरच्या बोंडांची सरकी चिरून पाहिल्याशिवाय ठेवणार नाही.

कापूस आईने वातींसाठी नेला. जिप्समवाल्या पिशव्यांची माती वेगळी ठेवली आहे. पुढच्या हंगामात त्याच मातीत पालाश फक्त फुलोऱ्यानंतर देऊन बघायचं आहे, वरची बोंडं तेवढ्यानं सावरतात का ते.